क्रेनम्माचा नमस्कार

बंगळुरात, के. आर. पुरमच्या रेल्वे पुलाच्या अलीकडे बसवंतचं क्रेन उभ्या करायचं यार्ड आहे. एरवी संध्याकाळी तिथं डासांखेरीज कुणी फिरकत नसे. हल्ली मात्र ऊन कलायच्या आत पाय ठेवायला जागा उरत नव्हती. फाटकाबाहेर फुलवाले, चुरमुरेवाले आणि चपला सांभाळणारे आपापली जागा धरून बसलेले असत. मेट्रोतून उतरलेली आयटीतली पोरं पाठीवरच्या लॅपटॉपसकट रांगेत उभी राहत आणि त्यांच्या पुढंमागं भाजीची पिशवी घेतलेल्या अक्का.

मधोमध ती पिवळी क्रेन. चाकांखाली लिंबं, काचेवर हळदीची बोटं, आणि तिच्या लांबलचक लोखंडी हाताला, म्हणजे बूमला, टोकापर्यंत झेंडूच्या माळा. टोकावरून लोंबणारा हूक तर फुलांत दिसेनासा झालेला. त्या हुकाच्या बरोबर खाली एक लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीत रोज कुणीतरी पिचलेला माणूस. ‘क्रेनम्मा’ हे नाव तिला कुणी दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. बंगळुरात कशालाही अम्मा जोडलं की निम्मं काम होतं.

आधी ‘जागरण’ चाले. इंजिन सुरू करून बूम वर-खाली, वर-खाली, बराच वेळ. मग ऑपरेटर खाली उतरे आणि भगव्या उपरण्यातले भारहर स्वामी चावी उंच धरून सगळ्यांना दाखवत.

“बघा. इंजिन बंद. केबिन रिकामी. आता हिला कोण हलवणार?”

एवढं बोलून ते थांबत आणि मग प्रवचनाला लागत. हैड्रॉलिक म्हणजे काय, तर आत तेल असतं. तेल म्हणजे स्नेह. भक्तीनं दाब दिला की स्नेह वर चढतो, आणि अम्माला दया आली की तो खाली उतरतो. पाश्चात्त्यांना हे काल-परवा कळलं, आपल्याकडे ऋषींना आधीपासून ठाऊक होतं. लॅपटॉपवाली पोरं माना डोलवत, कारण ‘दाब’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता.

तेवढ्यात माळा थरथरत. सुरुवातीला काही कळतच नसे. मग तो अगडबंब हात, नव्या सुनेनं वाकावं तसा, सावकाश खाली वाकू लागे. हूक खुर्चीतल्या माणसाच्या डोक्याला टेके. ढोल वाजत, बायका डोळे पुसत, मोबाईल वर होत. क्रेनम्मानं नमस्कार केला, माणसाचा भार उतरला.

त्या संध्याकाळी लाल खुर्चीत मधुकर होता. त्याची काठी आणि चष्म्याचं घर हातात धरून त्याची बायको नयना दोरीच्या बाहेर उभी होती. हूक नवऱ्याच्या टकलावर टेकला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. भक्तीनं नव्हे. एवढं वजन एक दिवस टेकायच्या ऐवजी कोसळलं तर काय, हे तिच्या डोळ्यांपुढं रोज उभं राही.

नयनानं मल्लेश्वरमच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. मधुकर सरकारी कारखान्यात माती उपसायच्या यंत्रांची हैड्रॉलिक्स बघत निवृत्त झाला. घरात देवही होते आणि विज्ञानही होतं, दोघांची कधी भांडणं झाली नव्हती. पावसाळ्याच्या शेवटी मधुकरला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर पडून राहू लागला आणि जीभ जड झाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. आश्लेषा नावाची नागपूरची मुलगी रोज सकाळी घरी येऊन तो करून घेई. हळूहळू काहीतरी होईल अशी आशा होती.

त्या सुमारास मधुकरचं नाव ऐकून बसवंत दारात उभा राहिला. मूळचा खानापूरचा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्याच्या क्रेनचा बूम उचलणारा सिलिंडर खराब झाला होता. तो खोलून, रॉडला नवं क्रोम चढवून, आतली सगळी सीलं, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलून आणला, तरी बूम वर केला की आपोआप खाली उतरायचा. पुन्हा खोलला, पुन्हा सीलं बदलली, पुन्हा तेच. असली क्रेन कुठल्याही साइटवर उभी करून घेत नाहीत. त्याची झोप उडाली होती. “सर, स्वल्प येऊन बघता का?” एवढंच तो म्हणाला. आजारी माणसाला कुणीतरी सर म्हणून काम सांगत होतं. मधुकरच्या चेहऱ्यावर झटक्यानंतर प्रथमच उजेड आला, म्हणून नयनानंच त्याला यार्डात नेलं.

नेमकं तेव्हाच बसवंतच्या वहिनीनं क्रेनची दृष्ट काढायला भारहर स्वामींना बोलावलं होतं. मधुकर बूमखाली खुर्ची टाकून वर बघत दोष शोधत होता. बघता बघता संध्याकाळ झाली, इंजिन बंद केलं, आणि बूम उतरत उतरत हूक त्याच्या डोक्याला येऊन लागला. त्याला चटकन उठताही येईना. आणि त्याच क्षणी त्याचा मेलेला उजवा हात मांडीवरून छातीपर्यंत उचलला गेला. सगळ्यांनी पाहिलं. नयनानंही पाहिलं, आणि खोटं कशाला सांगा, तिच्याही अंगावर काटा आला. स्वामी मात्र शहारण्यात वेळ घालवणारे नव्हते. त्यांनी त्या हाताला तिथल्या तिथं कुंकू लावलं.

दोष शोधायला गेलेला इंजिनिअर असा चमत्काराचा पहिला पुरावा होऊन घरी परतला. पुढं स्वामी प्रत्येक प्रवचनात सांगू लागले, सरकारी कारखान्यातले मोठे साहेब अम्माला तपासायला आले आणि अम्मानं त्यांनाच तपासलं. मधुकरला त्यांनी एक पथ्य घातलं: अम्माचा नमस्कार पुरा होईपर्यंत त्या हाताला कुणी माणसानं हात लावायचा नाही.

व्यायाम बंद पडला. आश्लेषा येई, चहा घेई, मधुकर तिच्याकडे पाठ करून बसे. एके दिवशी जिन्यात ती हळूच म्हणाली, “काकू, हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. नंतर मी कितीही धडपडले तरी एवढं साधत नाही.”

नयनानं काय करायचं बाकी ठेवलं? समजावून सांगितलं, रागावली, रडली. “अहो, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना,” असं म्हणाली. मधुकर एकच वाक्य बोले, शब्द एकेक करून. “हात... हलला... ना.” हलला होता. त्याला ती काय उत्तर देणार?

एका दुपारी उत्तर तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. मधुकर पोर्चमध्ये बसला होता. त्याला मोठी जांभई आली आणि जांभईबरोबर उजवा हात कुणी दोरीनं ओढावा तसा वर गेला. जांभई संपली, हात पडला. त्या पहिल्या संध्याकाळी यार्डातही तो दमून जांभया देत होता, हे तिला आठवलं. तिनं आश्लेषाला विचारलं. असं होतं, आश्लेषा म्हणाली. हात आपण ठरवून हलवतो त्याची मेंदूतली वाट वेगळी आणि जांभईची वाट वेगळी. पहिली बंद असली तरी दुसऱ्या वाटेनं हात कधी कधी उचलला जातो. त्यात वाईट काही नाही, पण ते बरं होणंही नाही. नयनानं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं डाव्या हातानं कप भिंतीवर फेकला. त्यानं स्वतः ते कधी पाहिलंच नव्हतं. जांभई देताना माणसाचे डोळे मिटलेले असतात.

यार्डात तिनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, क्रेनम्मा सकाळी का नमस्कार करत नाही? स्वामी गोड हसले. सकाळी अम्मा मौनात असते. शेजारची बाई तिच्या दंडाला धरून म्हणाली, “अक्का, तुमचेच यजमान बरे होताहेत आणि तुम्हीच अशा?” यावर आसपासचे सगळे तिच्याकडे बघू लागले आणि ती मान खाली घालून बाहेर आली. हुशारीचा एवढा निरुपयोग तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पण ते सकाळचं मौन तिच्या डोक्यातून जाईना. डिसेंबरचे दिवस होते. न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली गोठली होती, ती गरम पाण्यात धरून ती उभी होती. तेल सुटलं आणि घळघळा वाहू लागलं. तशीच ओली बाटली घेऊन ती मधुकरसमोर जाऊन बसली. या वेळी ती देवाचं बोलली नाही, हाताचं बोलली नाही. बसवंत विचारायला आला होता तसं तिनं विचारलं.

“सकाळी गार असताना बूम जागचा हलत नाही. जागरण झालं, तेल तापलं की उतरतो. असं कशानं होईल?”

मधुकरनं डाव्या हातानं बाटली कलती करून पाहिली. जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं तिला हाक मारली. “नयना. तेल... जातं... कुठं?”

मग तो बोलत राहिला, अडखळत, डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर रेघा काढत. बूम खालून तेलानं उचलून धरलेला असतो. तो उतरतो याचा अर्थ खालचं तेल कुठंतरी पळतंय. पळायला दोनच वाटा. एक, सिलिंडरच्या आतलं सील फाटलं असेल तर तेल दट्ट्याला वळसा घालून वरच्या बाजूला जातं. दुसरी, सिलिंडरच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह असतो, तेल कोंडून ठेवणं एवढंच त्याचं काम. तो नीट मिटत नसेल तर तेल तिथून परत टाकीत जातं. दुरुस्तीवाल्यांनी दोन्ही वेळा सीलं बदलली, कारण सीलंच बदलायची असतात अशी त्यांची समजूत. व्हॉल्व्ह कुणी उघडून पाहिला का? वरच्या बाजूचा पाइप सोडा. त्यातून तेल आलं तर सील खराब, नाही आलं तर व्हॉल्व्ह.

बोलताना त्याचे डोळे पूर्वीसारखे झाले होते. नयनाला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात तो थकून उशीला टेकला आणि म्हणाला, “उद्या... संध्याकाळी... जायचंय. खुर्ची... माझी.”

तिला त्याच्यावर रागावताही येईना. दोष कळणं वेगळं आणि हात हवा असणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मेट्रोनं यार्डात गेली. बसवंत आधी ऐकेना. स्वामींना काय वाटेल, लोक काय म्हणतील. शेवटी ती म्हणाली, “बसवंत, आज हूक टेकतो. उद्या बूम आदळला तर खुर्चीतला माणूस जाईल. स्वामी उपरणं झटकून निघून जातील. पोलीस क्रेन कुणाची म्हणून विचारतील.”

बसवंतनं क्रेनभोवती एक फेरी मारली. “सरी अक्का, बघूया,” म्हणाला आणि नटबोल्ट सोडवायचे पाने आणायला गेला.

त्यानं तेल तापेस्तोवर क्रेन चालवली. बूमखाली लाकडी स्लीपरांची, म्हणजे रुळांखालच्या ओंडक्यांची, चवड रचली, बूम तिच्या वीतभर वर ठेवला आणि इंजिन बंद केलं. पाइप सोडून त्याचं तोंड बादलीत धरलं. उरलंसुरलं तेल ठिबकलं आणि थांबलं. बूम मात्र उतरतच राहिला आणि स्लीपरांवर जाऊन बसला. बादलीत आणखी थेंब नाही. उलट बसवंतनं बूम उतरत असताना पाइपच्या तोंडावर तळवा धरला होता, तर तो आत ओढल्यासारखा झाला. सीलं चांगली होती. दोन्ही वेळा बदललेली, आणि दोन्ही वेळा चांगली.

मग दाब पूर्ण उतरवून त्यानं व्हॉल्व्ह सोडवला. आत एक लहानसं पोलादी बूच असतं, ते आपल्या बैठकीवर घट्ट बसलं की तेल कोंडलं जातं. बूच आणि बैठक यांच्या मध्ये काहीतरी चिकटलं होतं. बसवंतनं ते नखानं काढून तळहातावर घेतलं. पिवळट, चपटं, एका कडेला लालसर.

“अक्का,” तो म्हणाला, “अक्षता आहे ही.”

नयनानं तो तांदळाचा तुकडा उचलून उजेडात धरला. मग बसवंतला आठवलं. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी सिलिंडर पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये खोलून ठेवलेला होता, तेलाची तोंडं उघडी. इथं त्या दिवशी पान्यापासून लेथपर्यंत प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. नवं क्रोम चढवलेला सिलिंडर सगळ्यांत देखणा, म्हणून त्याच्यावर ओंजळभर अक्षता पडल्या. ओंजळ बसवंतची होती. बाकीच्या झटकल्या गेल्या, एक आत राहिली आणि तेलाबरोबर वाहत जाऊन व्हॉल्व्हच्या घशात बसली. गार, दाट तेल तेवढ्याशा फटीतून जेमतेम झिरपे. तापलेलं पातळ तेल सरसर निघे. सिलिंडर बोटभर उतरला की बूमचं लांबवरचं टोक हातभर उतरणार. झाला नमस्कार. आणि स्वामींना यातलं बाकी काही कळलं नसलं तरी क्रेन तापवल्याशिवाय वाकत नाही, एवढं नक्की कळलं होतं. म्हणून तर जागरण.

बसवंतनं व्हॉल्व्ह धुऊन बसवला. नयनानं घरी येऊन मधुकरला सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. कुंकवाच्या डबीत ठेवलेला तो तुकडा त्यानं डाव्या हातात घेऊन पाहिला, मान हलवली. आणि संध्याकाळ होताच चपला मागितल्या.

“अहो, आता ती वाकणार नाही,” ती म्हणाली.

“आज... एकदाच.”

तिनं त्याला नेलं. दुसरं काय करणार?

जागरण झालं. चावी उंच झाली. स्नेह, दाब, ऋषी, सगळं झालं. मधुकर मान खाली घालून लाल खुर्चीत बसला. ढोल वाजत राहिले. माळा थरथरल्या नाहीत. ढोलवाले थकले, थांबले. स्वामींनी स्नेहावर आणखी एक प्रवचन केलं. हूक होता तिथंच. मग मधुकरनं मान वर करून पाहिलं, आणि त्याचा तो चेहरा बघून नयनाला वाटलं, कशाला दुरुस्त केलं मी हे.

“इथं कुणाच्या तरी मनात संशय आहे,” स्वामी म्हणाले.

तेव्हा नयना दोरीखालून आत गेली. तिनं डबी उघडून तुकडा दाखवला आणि शाळेतल्यासारखं सावकाश, कन्नडमध्ये, सगळं सांगितलं. तेल, व्हॉल्व्ह, खोबरेलाची बाटली. बसवंतनं मान डोलावली. आणि स्वामींनी पुढं होऊन डबीला हात जोडले. अम्मानं आपल्या कंठात एवढे दिवस जपलेली अक्षता, ते गहिवरून म्हणाले. झालं. लोक क्रेन सोडून डबीच्या दर्शनाला लोटले. कुणीतरी ती नयनाच्या हातातून घेतली, ती परत आलीच नाही. खरं सांगायची वेळ आली होती, तिनं ते सांगितलं होतं, आणि त्याचा अंगारा झाला होता. ती रिकाम्या हातानं तशीच उभी राहिली.

गर्दीत विसरलेला मधुकर खुर्चीत पेंगला होता. दमलेल्या माणसाला येते तशी त्याला जांभई आली. उजवा हात छातीपर्यंत उचलला गेला.

एकच गलका झाला. हात उठला, अम्मा, हात उठला. स्वामींनाही हे अनपेक्षित होतं, पण त्यांनी लगेच दोन्ही बाहू पसरले. नयनानं इकडंतिकडं पाहिलं. दोरीपाशी लॅपटॉपवाली एक मुलगी चित्रण करत होती. नयनानं तिच्याकडून फोन मागून घेतला. गर्दीला नाही दाखवला. नवऱ्यासमोर खाली बसून त्याला दाखवला.

मधुकरनं पाहिलं. वर, खूप वर, हूक. खाली आ वासलेलं स्वतःचं तोंड, मिटलेले डोळे, आणि वर येणारा हात. तोंड मिटलं तसा हात पडला. त्यानं बोटानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं.

“जांभई,” तो म्हणाला. मग जेवढा आवाज निघत होता तेवढा काढून म्हणाला, “लोकहो... ही... जांभई आहे.”

ऐकलं थोड्यांनी, कळलं त्याहून थोड्यांना. काही हसले, काही निघाले, बरेच डबीच्या रांगेत राहिले. पण फोनवाली मुलगी तिथंच थांबली होती. तिनं नयनाला विचारलं, “ते तेल नक्की कुठं जात होतं म्हणालात?” एवढ्या दिवसांत, एवढ्या गर्दीत, हे विचारणारी ती पहिली.

एवढंच विचारायचं असतं. हात जोडायला कुणाची ना नाही. पण जोडण्याआधी, जे वाकलं ते कशानं वाकलं, सकाळी का नाही वाकलं, आतलं तेल गेलं कुठं, हे एकदा विचारून घ्यावं. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. आणि इंजिनिअर असून भागतही नाही, हे मधुकरनं दाखवलंच. गरज फार झाली की शहाणा माणूसही आपला प्रश्न घरी ठेवून रांगेत उभा राहतो. म्हणून रांगेतल्या दुसऱ्या कुणीतरी तो विचारायला हवा.

बसवंतची क्रेन आता कामावर असते. तिचा बूम जिथं ठेवावा तिथं राहतो आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. स्वामी ती डबी घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीकडे गेल्याचं ऐकलं. तिथंही रांग असते म्हणतात.

मल्लेश्वरमच्या घरी सकाळी आश्लेषा येते. मऊ रबरी चेंडू मधुकरच्या उजव्या तळव्यात ठेवते आणि बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवते. ती हात काढून घेते तेव्हा बोटं उघडतात आणि चेंडू जमिनीवर पडतो. मधुकर म्हणतो, “परत.” नयना वाकून चेंडू उचलते. हात परत येईल असं आश्लेषा काही कबूल करत नाही, कारण ती खोटं बोलणारी मुलगी नाही. यार्डात गेलेले ते महिने आता कुठून आणायचे, हे तिलाही ठाऊक नाही.